एक कौल कमी

आमच्या परड्यात गोठ्याच्या भिंतीला लागून ६३ विटा आणि ४० कौलं मांडून ठेवलेली आहेत. त्यातली एकही आमच्या घराला लागलेली नाही. "गावची घरं पडली आन् ह्येंचं परडं भरलं," असं आमची मंडळी आल्या-गेल्याला सांगते. पाहुणे हसतात. बरीच वर्षं मीही हसत होतो. २०१९ च्या पुरानंतर मात्र त्या बोलण्यावर मला हसू येईना.

मी वायरमन. ३४ वर्षं बोर्डात काढली, त्यातली निम्मी पंचगंगेच्या काठच्या खेड्यांत आणि निम्मी कोल्हापूर शहरात. गावातल्या माणसाला घराचा उंबरा माहीत असतो, वायरमनला घराचं आढं माहीत असतं. सर्व्हिस वायर आत घ्यायची तर छपरावर चढावं लागतं. कौलारू छपरावर चढणं ही वेगळी कला आहे. खाली वासा कुठं आहे त्याचा अंदाज घेऊन तिथंच पाय टाकायचा, अंग हलकं सोडायचं, आणि खालून घरमालकीण "कौल फोडू नगा हो!" म्हणून ओरडत असेल तिच्याकडं लक्ष द्यायचं नाही. पाइप घालायला दोन-तीन कौलं काढावी लागतात. कौल काढलं, उलटं केलं, की आतल्या अंगाला नाव दिसतं.

हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मंगळुरी कौलावरचा शिक्का आकाशाकडं नसतो, घराकडं असतो. रस्त्यानं जाणाऱ्याला तो कधी दिसत नाही. दिसतो तो सोप्यात उताणं झोपलेल्याला. मी पाचवीला गेलो, इंग्रजी सुरू झाली, आणि पुस्तकातली अक्षरं कळायच्या आधी मी आमच्या छपरातली अक्षरं लावू लागलो. कंदिलाच्या उजेडात घोंगड्यावर पडून एकेक अक्षर जुळवायचं. बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर. आणि खाली आकडा, १८६५. मी सगळ्या वर्गाला सांगून टाकलं की आमचं घर १८६५ सालचं आहे. आज्जा म्हणाला, "आरं खुळ्या, घर मी बांधलंय ३४ साली. तवा तुझा चुलता रांगत हुता."

मग १८६५ कशाचं? याचं उत्तर मला नोकरी लागल्यावर, चार छपरं पालथी घातल्यावर मिळालं. बासेल हे स्वित्झर्लंडमधलं शहर. तिथल्या मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन माणसानं मंगळुरात नेत्रावती नदीच्या काठच्या चिकणमातीतून कौलं काढायचा कारखाना उभा केला, त्याचं ते साल. कौल कधीही पाडलेलं असो, आकडा तोच. खाचेत खाच बसणारं कौल मुळात फ्रान्समधलं, १८४० च्या सुमाराला तिथल्या जिलार्दोनी भावांनी काढलेलं. त्याच जातीचं मंगळूरचं कौल गलबतांतून कोकणातल्या बंदरांना यायचं, तिथून बैलगाड्यांनी घाट चढायचं. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली तेव्हा वाट थोडी सोपी झाली. आमच्याकडं त्याआधी होती ती कुंभाराच्या चाकावरची नळीची कौलं. माकडं उड्या मारून गेली की निम्मी शाकारणी परत.

पुढची गोष्ट आणखी उशिरा कळली. पहिल्या महायुद्धात जर्मन माणसांचे कारखाने इंग्रजांनी ताब्यात घेतले आणि बासेल मिशनचा कारखाना कॉमनवेल्थ ट्रस्टकडं गेला. नाव बदललं, शिक्काही बदलला. म्हणजे बासेलच्या शिक्क्याचं कौल हे साधारण १९२० च्या आतलं. आणि आमचं घर ३४ सालचं! आज्जानं ती कौलं नवी आणलेली नव्हती. कुणाच्या तरी उतरवलेल्या छपराची होती. कुणाच्या, ते विचारायला तोवर आज्जा राहिला नव्हता. "गाडी भरून शेरातनं आनली," एवढंच तो सांगायचा.

असा तो नाद. काढलेल्या कौलातलं एखादं फुटकं निघालं की घरमालकीण म्हणायची, "टाका परड्यात." मी म्हणायचो, "मी नेतो." पिशवीत पक्कड, टेस्टर आणि त्यांच्यावर फुटकं कौल. एका कौलाचं वजन अडीच किलोच्या आसपास, सायकलच्या हँडलला दोन लोंबत असली की चढावर बरोबर कळतं. पुढं विटा आल्या. आपल्या वीटभट्टीवरच्या विटेच्या खाचेतसुद्धा अक्षरं असतात, भट्टीवाल्याच्या नावाची नाहीतर देवाच्या नावाची. ती गिलाव्यात गाडली जायचीच असतात. ती बघायला घर पडावं लागतं.

एकदा कागलकडच्या एका गुऱ्हाळावर मोटार जळाली म्हणून गेलो होतो. काहिलीत रस उकळत होता, चुलवाण्या चिपाडं सारत होता. चुलवाणाच्या तोंडाशी एक वीट निसटून पडलेली, काळी कुळकुळीत, पण अंगावरची अक्षरं कोरल्यासारखी. ग्लेनबॉइग. गुऱ्हाळवाले म्हणाले, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीनं भट्टीचं जुनं अस्तर काढलं, त्यातल्या ह्या विटा, जाळाला दाद देत नाहीत. मुलानं नंतर शोधून दिलं की ग्लेनबॉइग हे स्कॉटलंडात ग्लासगोजवळचं एक खेडं. तिथल्या मातीच्या विटा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगभरच्या भट्ट्यांना जात होत्या. तिथल्या खाणी, कारखाने कधीच बंद झाले, पण आमच्या कागलात त्यांच्या मातीवर गूळ शिजत होता.

मी ती वीट मागितली. चुलवाण्या माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "नाव वाचून गूळ गोड हुतोय व्हय?" मग मी दुसऱ्या दिवशी दोन नव्या अग्निविटा विकत घेऊन गेलो, त्या बसवून दिल्या आणि ती आणली. त्या दिवसापासून मी एक नियम धरला: कामावर असलेली वस्तू उचलायची नाही. उचललीच तर तिच्या जागी तेवढ्याच कामाची द्यायची. हा नियम मी अभिमानानं सांगत असे. नियम सांगायला सोपा असतो, कारण त्यात 'कामावर असलेली' म्हणजे कोणती, हे आपणच ठरवतो.

स्कॉटलंडात म्हणे अशा नावाच्या विटा गोळा करणारी पुष्कळ माणसं आहेत. शिक्क्यावरून कारखाना आणि कारखान्यावरून गाव लावतात. विटांबरोबर ती जमिनीतल्या विजेच्या केबलवर घालायची भाजक्या मातीची झाकणंही जपतात. हे ऐकलं तेव्हा मला माझीच जात भेटल्यासारखं झालं, कारण केबलवरची वीट हा माझा जुना विषय. कोल्हापूर शहरात आम्ही केबल टाकायचो तेव्हा चर खणायचा, तळाला वाळू, वाळूत केबल, वर पुन्हा वाळू आणि तिच्यावर आडव्या विटांची ओळ. मग माती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मुकादमाला विचारलं होतं, वीट कशाला, वजन पेलायला? तो म्हणाला, "न्हाई. उद्या कोनीतरी खनंल. त्येचा टिकाव आदी विटंला लागंल. त्येला कळंल खाली काय हाय त्ये. मानूस वाचंल." कोण खणेल, कधी खणेल, काही ठाऊक नाही. त्या अनोळखी माणसासाठी ती वीट तिथं पडून राहायची. तीस वर्षं काही न करता पडून राहणं हेच तिचं काम. चर उकरताना कितीतरी सुरेख शिक्क्याच्या विटा मला तिथं दिसल्या. एकही घेतली नाही. तो मोह मला कधी झालाच नाही, आणि त्याबद्दल शाबासकी घ्यावी असंही मला वाटलं नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या गावात आठवडाभर होडी चालली. मी निवृत्त झालो होतो, पण पोरगी वायरमन मंडळी खांबाखांबानं लाइन तोडत फिरत होती, त्यांच्याबरोबर मीही होतो. पुराचं एक असतं. पाणी चढताना मातीच्या भिंती उभ्या असतात. त्या बसतात पाणी उतरताना. माणसं परत येतात, कुलपं काढतात, "वाचलं बघ आपलं," म्हणतात आणि रात्री धप्पकन आवाज येतो. आमच्याकडच्या भिंती पांढरीच्या मातीच्या. खालून विरघळल्या की वरचं छप्पर सबंधच्या सबंध खाली येतं, आणि चिखलात पडल्यामुळं कौलं फुटतही नाहीत फारशी.

खालच्या आळीतल्या आक्काचं घर असंच बसलं होतं. एक पाखं जमिनीला टेकलेलं, कौलं चिखलात विस्कटलेली. मी मीटर काढायला गेलो. मीटर काढला आणि पायाशी एक कौल उलटं पडलं होतं, चिखल पुसला तर अख्खा शिक्का. अल्बुकर्क अँड सन्स, मंगलोर. हा मंगळुरातला जुना देशी कारखाना. त्याचे अर्धेमुर्धे तुकडे माझ्याकडं होते, पण सगळी अक्षरं शाबूत असलेलं कौल नव्हतं. आक्काचा मुलगा मोबाइलवर पंचनाम्याचे फोटो काढत उभा होता. मी म्हटलं, "हे एक नेऊ?" तो म्हणाला, "न्या की तात्या. आता काय करायचंय त्येचं."

घरी आणलं, धुतलं, वाळवलं, ओळीत मांडलं. प्रत्येकाला मी चिठ्ठी लावतो. हिच्यावर लिहिलं: अल्बुकर्क, पूर्ण शिक्का, पुरातली पडझड, ऑगस्ट २०१९.

दिवाळीच्या तोंडावर आक्का दारात आली. पंचाहत्तरी गाठलेली बाई, काठी टेकत. "तुझ्याकडं नावाचं कौल हाय म्हनं आमचं. बघाय आलो." मी कौतुकानं तिला परड्यात नेलं. ती ओळीवरनं सावकाश चालत गेली आणि बरोबर तिच्या कौलापाशी थांबली. अक्षरं तिला येत नाहीत. पण साठ वर्षं ज्याच्याखाली झोपली ते कौल तिनं ओळखलं.

मग तिनं हिशेब सांगितला. घराचं नंतर बघू, आधी म्हशीला निवारा पाहिजे म्हणून गोठ्याचं एक पाखं तिनं आणि सुनेनं घातलं होतं. बारा ओळी, ओळीला अकरा कौलं. १३२ लागत होती. चिखलातनं काढून, घासून, एकेक बघून अख्खी निघाली १३१. एका जागी युरियाचं पोतं घालून वर धोंडा ठेवला होता. "आन् म्हस बरोबर तिथंच हुबी ऱ्हाती बघ," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, म्हशीच्या स्वभावाचं कौतुक म्हणून.

एक कौल बाजारात मिळत नाही का? मिळतं. पण दुसऱ्या कारखान्याचं. आणि हे माझ्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं की एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. साचा वेगळा. खाच पाव इंच इकडची तिकडं झाली की पाणी आत. शिक्का वाचून कारखाना ओळखणाऱ्या माणसानं नेमकं तेच विसरावं!

आक्कानं चिठ्ठीवर बोट ठेवलं. "काय लिवलंयस ह्येच्यावर?" मी वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमचं नाव न्हाई व्हय त्यात?"

त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मंगळूरच्या ज्या मालकानं ते कौल बहुधा हातातसुद्धा धरलं नसेल त्याचं नाव मी लिहिलं होतं. ज्यांनी चिखल तुडवला, साच्यात दाबला, भट्टीत रचला त्यांची नावं कौलावर नव्हतीच. आणि जिनं साठ पावसाळे ते डोक्यावर सांभाळलं ती तर माझ्या ओळखीची होती, तिच्या लग्नात आमच्या आईनं लाडू वळले होते, आणि तिच्या जागी मी 'पुरातली पडझड' लिहिलं.

तिच्या मुलानं मला दिलं होतं, हे मी मनाशी घोकून बघितलं. पण त्या दिवशी त्याला "तुझी म्हैस नेऊ?" असं विचारलं असतं तरी तो "न्या की" म्हणाला असता. ज्याचं सगळं गेलेलं असतं तो हो म्हणतो ते देण्यासाठी नाही, समोरच्यानं आपल्याला एकटं सोडावं म्हणून. विचारून घेतलं म्हणजे रीतीनं घेतलं, असं मी आयुष्यभर समजत आलो. कधी विचारलं, याचाही रीतीत हिशेब असतो हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं तर शिकवायची गरजही नव्हती.

आता दुसरी बाजू. मी नेली नसती तर त्या चाळीसांतली बहुतेक कौलं आज कुठं असती? पुरानंतर गावात जेसीबी फिरले. पडलेली घरं ट्रॉल्यांत भरून रस्त्याच्या भरावाला गेली, विटा, कौलं, कोरीव तुळ्यांचे तुकडे, सगळं. नवी घरं स्लॅबची झाली. दोष कुणाला द्यायचा? ज्यानं दोन महापूर सोसले तो मातीची भिंत पुन्हा घालेल कशाला. म्हणजे मी उचललं नसतं तर ती नावं संपलीच असती. हे खोटं नाही. आणि म्हणूनच 'गोळा करणं वाईट' असं म्हणून मला मोकळं होता येत नाही.

कोल्हापुरात टाउन हॉलच्या म्युझियममध्ये मी अधूनमधून जातो. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी खोदकाम केलं. त्या टेकडीत सातवाहनांच्या वेळची वस्ती निघाली. तिथलीच समुद्रदेवाची, पोसायडनची, वीतभर काशाची रोमन मूर्ती म्युझियममध्ये आहे. सगळे ती बघायला येतात. मी जातो तो त्या वस्तीच्या विटा मनाशी मोजायला. हातावर ठेवली तर दोन हातांना जड व्हावी एवढी त्या काळची वीट. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठावर कुणाचं तरी घर असंच बसलं असेल, आणि शेजाऱ्यानं येऊन अख्ख्या विटा बघून घेतल्या असतील. आमची पांढरीची माती तरी काय? जुन्या वसाहतीच्या टेकाडावरची माती आणायची आणि नवी भिंत घालायची. त्या मातीत खापरं निघायची, काचेची बांगडी निघायची. गावं अशीच एकमेकांना खाऊन उभी राहिली. आमच्या आज्जाचं छप्परसुद्धा कुणाच्या तरी डोक्यावरून उतरलेलं होतं.

पण आज्जानं ते परत डोक्यावर घातलं. फरक असलाच तर तिथं आहे, असं मला वाटतं. मी चिठ्ठी लावली. आणि चिठ्ठी लावायला मला सुचलं, कारण माझ्या डोक्यावर स्लॅब आहे. ज्याच्या घरावर अजून कौल आहे त्याला ते जुनं दिसत नाही, गळतं की नाही एवढंच दिसतं. केबलवरची वीट अंधारात पडून असली तरी कामावर आहे हे मला कळत होतं, कारण ते काम माझं होतं. चिखलात उलटं पडलेलं कौल मात्र मला रिकामं वाटलं. ते आक्काच्या हिशेबात १३२ वं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कौल घेऊन गेलो आणि गोठ्यावर चढलो. एकसष्टाव्या वर्षी पाय लटपटतात. आक्का खालून ओरडली, "कौल फोडू नगंस रं!" पोतं काढलं, धोंडा सुनेच्या हातात दिला, कौल सरकवलं. खाचेत खाच बसली की एक बारीक आवाज येतो, तो आला. खाली म्हैस त्याच जागेवर उभी होती.

चिठ्ठी खिशात राहिली होती. ती घरी आणून मी सगळ्या ओळीच्या चिठ्ठ्या काढल्या आणि नव्यानं लिहायला बसलो. कारखाना, शिक्का, आणि पहिल्यांदा घर. कुणाचं छप्पर, कोणती आळी, कशानं उतरलं. ३९ कौलांतल्या २८ ची घरं आठवली. ११ ची आठवेनात. त्यातलं पहिलं आमचंच, बासेलचं. उरलेल्या दहांसाठी मी जुन्या कामाच्या वह्या काढल्या, जोडीदारांना फोन केले. आमच्या मंडळीला वाटलं, नाद आणखी वाढला.

गेल्या महिन्यात एकाचा पत्ता लागला. फोंड्याच्या वाटेवरच्या एका वाडीतलं घर, १९९१ साली मी तिथं लाइन दिली होती. घरचा माणूस आता इचलकरंजीत मागावर आहे, वाडीत कुणी राहत नाही. मी फोनवर सांगितलं, तुमचं एक कौल माझ्याकडं आहे, फुटकं आहे, आणून देऊ का. पलीकडं मागांचा खडखडाट चालू होता. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाला, "घरच ऱ्हायलं न्हाई, तात्या. ऱ्हाऊ दे तिथं. पन मी बघाय येतो."

अजून आलेला नाही. त्याच्या कौलाची चिठ्ठी मी अर्धीच लिहून ठेवली आहे.